पीटीचा तास आणि मुलांचं हृदय: शाळेत रोज वीस मिनिटं धाप लागावी म्हणून काय करावं

वेळापत्रकात आठवड्याला पीटीचे दोन तास असतात. सहामाही जवळ आली की त्यातला एक गणिताच्या बाईंकडे जातो आणि दुसऱ्याला पाऊस लागतो. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला हे सांगायला नको. पालकांना मात्र सांगावं लागतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर डिसेंबरमधला क्रीडामहोत्सव असतो: संचलन, लेझीम, पदकं, फोटो. त्या दिवशी मैदानात धावलेली मुलं मोजा आणि कडेला बसून टाळ्या वाजवणारी मोजा. हृदयाची काळजी करायची ती कडेला बसलेल्यांच्या.

हा लेख क्रीडाशिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे. म्हणणं एकच: शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज निदान वीस मिनिटं धाप लागली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेली शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची आहे, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात जोरकस व्यायाम आणि हाडं-स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली हव्यात. साठातली वीस शाळेने दिली तर उरलेली चाळीस संध्याकाळचं खेळणं, क्लासला चालत जाणं यातून निघू शकतात. ज्या मुलांची संध्याकाळ दोन क्लास आणि एका मोबाइलमध्ये संपते, त्यांच्यासाठी मात्र शाळेची वीस मिनिटं हीच सगळी कमाई असते.

शाळेच्या वयात हृदयाचं काय होतं

हार्ट अटॅक पन्नाशीत येतो, पण रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे धरायला लहानपणीच सुरुवात होते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात १९७३ पासून मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातले जे पुढे अपघातात किंवा अन्य कारणाने लहान वयात गेले, त्यांच्या शवविच्छेदनात महाधमनीत आणि हृदयाच्या धमन्यांत हे पट्टे दिसले. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांमध्ये ते जास्त पसरलेले होते. आपल्याकडे घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षाच्या सुमारास आलेला दिसला, इतरांना ५९च्या आसपास.

आणि आजची मुलं? २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे ५ टक्के मुलामुलींचा रक्तदाब जास्त निघाला, आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल चारातल्या एकाहून अधिक जणांत कमी होतं. ही मुलं वरून धडधाकट दिसतात. काही तर चांगली सडपातळ असतात.

धाप लागेपर्यंत धावल्याने नेमकं काय होतं, तेही थोडक्यात पाहू. हृदय स्नायूच आहे, सवयीने ते एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, म्हणून बसल्या जागीची नाडी उतरते. वेगाने वाहणारं रक्त वाहिन्यांच्या अस्तराला घासतं तेव्हा ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. पण हे परिणाम साठवून ठेवता येत नाहीत, व्यायाम थांबला की ओसरतात. म्हणून हा कारभार पतपेढीच्या पिग्मीचा आहे, रोज थोडं भरायचं. डिसेंबरच्या एका दिवसात वर्षाची रक्कम भरता येत नाही.

जर्मनीत लाइपझिग इथे साधारण ११ वर्षांच्या मुलांच्या वर्गांवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना रोज शारीरिक शिक्षणाचा तास आणि त्यात निदान १५ मिनिटं दमसास वाढवणारा व्यायाम. बाकीच्यांना नेहमीसारखे आठवड्याला ४५ मिनिटांचे दोन तास. वर्षभराने रोजवाल्या मुलांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली होती, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची डागडुजी करणाऱ्या पेशीही. आठवड्याला दोन तास म्हणजे आपलंच वेळापत्रक, हे लक्षात आलं असेल.

पायरी पहिली: एका मुलावर घड्याळ लावा

काहीही बदलण्याआधी सध्या किती हालचाल होते ते मोजा. वर्गातलं एक मूल मनात धरा. शाळेच्या संघातलं नको; ज्याला संघ पाडताना सगळ्यात शेवटी घेतात ते धरा. त्याला कळू देऊ नका. मोबाइलवरचं स्टॉपवॉच ते चालत-पळत असेल तेव्हाच चालू ठेवा, उभं राहिलं की थांबवा.

पस्तीस मिनिटांच्या तासात वर्गातून रांगेने जिने उतरणं, हजेरी, ‘हाताचं अंतर घ्या’, सूचना, संघ पाडणं, त्यावरून भांडण, मग खेळ, मग पुन्हा रांग. खेळ क्रिकेटचा असेल तर तुमचं मूल सीमारेषेवर गवत उपटत बसलेलं सापडेल. क्रिकेटवर माझा राग नाही, पण चाळीस जणांच्या वर्गाला हृदयासाठी देण्याजोगा त्याच्याइतका निरुपयोगी खेळ दुसरा नाही. एका वेळी तिघे हलतात, बाकीचे ओरडतात.

असं वेगवेगळ्या तीन-चार मुलांवर मोजा. निघालेली मिनिटं कागदावर लिहून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. तास किती वाढवायचे यापेक्षा आहे त्या तासात काय चाललंय, ही चर्चा त्या आकड्याने सुरू होते.

पायरी दुसरी: धावायला लावण्याआधी विचारायचे प्रश्न

ही पायरी गाळू नका. बहुसंख्य मुलांना पळण्यापासून काहीही धोका नाही, आणि ज्या मोजक्यांना आहे ती बहुधा आधी खुणा देतात. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर एक पानी आरोग्यपत्रक घरी पाठवा. प्रश्न मराठीत आणि सरळ असावेत. पळताना कधी छातीत दुखलं आहे का? पळताना किंवा पळून लगेच शुद्ध हरपली आहे का? बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दम लागतो का? ओठ निळसर होतात का? विनाकारण छातीत धडधड होते का? डॉक्टरांनी कधी हृदयात ‘आवाज’ किंवा छिद्र असल्याचं सांगितलंय का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक, झोपेत किंवा पळताना, गेलं आहे का? दमा आहे का, पंप वापरतो का?

एका जरी प्रश्नाला ‘हो’ असेल तर मूल खेळायला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. उन्हात रांगेत उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि धावता धावता कोसळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ‘नाश्ता केला नसेल’ म्हणून साखरपाणी देऊन घरी पाठवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ईसीजी आणि इको झाल्याशिवाय ते मूल पुन्हा मैदानात उतरणार नाही, हा नियम शाळेने लेखी करून ठेवावा.

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले आणि तेही आज गुडघा, उद्या घोटा असे फिरते दुखले, तर संधिवाताचा ताप असू शकतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर येणारा हा आजार ५ ते १५ वयात जास्त दिसतो आणि हृदयाच्या झडपा खराब करतो. दाटीच्या वस्त्यांमधल्या शाळांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. वेळेत कळलं तर ठरावीक अंतराने पेनिसिलिनची इंजेक्शनं देऊन झडपा वाचवता येतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांना मोठी मदत आहे ती २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि पुढचे उपचार मोफत होतात. पथक येण्याच्या दिवशी ‘हो’ उत्तरं आलेली पत्रकं वर काढून ठेवा आणि ती मुलं आधी दाखवा. नाहीतर आठशे मुलांच्या रांगेत डॉक्टरांना प्रत्येकाला मिनिटभरही मिळत नाही.

ज्या मुलांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय त्यांना कायम बाकावर बसवणं हा आपल्या शाळांचा आवडता सुरक्षित मार्ग. त्यातल्या बहुतेकांना खेळायची मुभा असते, काहींना तर खेळणं गरजेचंच असतं. हृदयतज्ज्ञांकडून ‘काय चालेल, काय नाही’ असं लिहून आणायला पालकांना सांगा. नुसतं ‘पीटीतून सूट’ एवढंच प्रमाणपत्र स्वीकारू नका.

पावसाळ्यात डेंग्यू, मलेरियाच्या तापातून उठलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पळवू नये. ताप असताना व्यायाम अजिबात नाही. ताप गेल्यावरही चालण्यापासून सुरू करून आठवडाभराने पूर्ववत. त्यात धडधड, दम किंवा छातीत दुखणं जाणवलं तर थांबून डॉक्टर.

पायरी तिसरी: वीस मिनिटं आणायची कुठून

नवा तास मागायला गेलात तर मिळणार नाही. वेळ परिपाठातून निघते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, पंचांग आणि वर सूचना असा अर्धा तास बऱ्याच शाळांत जातो, तोही उभ्याने. परिपाठ आटोपशीर करून दहा मिनिटं हालचालीला द्या. उरलेली दहा शेवटच्या दोन तासांच्या मध्ये घ्या, त्या वेळी वर्ग तसाही पेंगत असतो. मधल्या सुट्टीनंतर लगेच नको. डबा नुकताच खाल्लेला असतो.

दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांची अडचण वेगळी. सकाळचे सुटतात तेव्हा दुपारचे फाटकात उभे असतात, मैदान मोकळं नसतं. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवायचे नाहीत, असा राज्य शासनाचा निर्णय आला, त्यानंतर अनेक शाळांची ही गाठ आणखी घट्ट झाली. इथे मजल्यावार पाळी लावा: सोमवारी तळमजला मैदानात आणि बाकीचे वर्गात, मंगळवारी पहिला मजला. ज्यांची पाळी मैदानात नाही त्यांचीही वीस मिनिटं होतात, फक्त जागा बदलते.

कपडे बदलायचा सोपस्कार करू नका. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली ‘डेली माइल’ सुरू झाली ती याच तत्त्वावर: रोज पंधरा मिनिटं, आहे त्या गणवेशात, धावा नाहीतर चाला, शर्यत नाही. त्यांच्याकडे थंडी असते, आपल्याकडे घाम, एवढा फरक धरून तत्त्व उचलण्यासारखं आहे. हातरुमाल आणि पाण्याची बाटली पुरते.

वर्गशिक्षकांना बरोबर घ्यावंच लागतं. एका क्रीडाशिक्षकाच्या जिवावर अठरा तुकड्या रोज हलणार नाहीत. त्याने दर सोमवारी आठवड्याचे दोन-तीन खेळ वर्गशिक्षकांना करून दाखवायचे. साडी नेसलेल्या बाईंनी स्वतः उड्या मारायची गरज नाही, शिट्टी आणि घड्याळ त्यांच्या हातात असलं की बस.

पायरी चौथी: खेळ निवडायचे आणि वाकवायचे

‘आऊट’ रद्द, हा सगळ्यात मोठा नियम. आपल्या बहुतेक खेळांत जो आधी दमतो तो आधी बाद होतो आणि बसतो. म्हणजे ज्याला व्यायामाची सर्वांत जास्त गरज त्याला सर्वांत कमी मिळतो. खेळ तेच ठेवायचे, बाद होण्याची शिक्षा बदलायची.

पकडापकडीत बाद झालेल्याने मैदानाला एक फेरी मारून परत यायचं. विषामृत तर जणू याचसाठी केलेला खेळ आहे, ‘विष’ दिलेल्याला सवंगडी ‘अमृत’ देऊन सोडवतात, कुणी कायमचं अडकत नाही. फक्त चाळीस जणांत विष देणारे एक नव्हे तर पाच ठेवा. साखळीच्या खेळात साखळी चौघांची झाली की तोडून दोन-दोनच्या दोन करायच्या. डॉजबॉलमध्ये चेंडू लागला तर समोरच्या संघात जायचं. लगोरी एकाच जागी चाळीस जणांत खेळली तर पस्तीस प्रेक्षक होतात, म्हणून दहा-दहाच्या चार लगोऱ्या मांडा. ठिकऱ्या आणि रबरी चेंडू यांना खर्च तो काय.

खो-खोला इथे वेगळं स्थान आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. मुलांना ही नावं माहीत असतात, त्याचा फायदा घ्या. पण नियमाप्रमाणे खेळलात तर आठ जण पाटीवर बसून राहतात. सरावासाठी चार जणांची पाटी, एक पळती, दोन-दोन मिनिटांचे डाव आणि पाळीपाळीने बदल असं करा. शाळेचा संघ बांधायचा असेल तर तो शाळा सुटल्यावर, वेगळा.

लेझीम दुर्लक्षित आहे. संमेलनाच्या आधी महिनाभर काढतात, मग कपाटात. हलगीवर दहा मिनिटं नीट बसून-उठून लेझीम खेळली तर कुठल्याही मुलाला घाम फुटतो, ती ओळीत खेळता येते, जागा कमी लागते आणि ज्यांना शर्यत आवडत नाही अशा मुलांना तालात लाज वाटत नाही. सूर्यनमस्कार संथ घातले तर ताणाचा व्यायाम, सलग आणि जलद घातले तर दमसासाचा. आठवड्यातून तीन दिवस ते घेतले की हात, पोट, पाय यांना बळ देणारा भाग भरून निघतो. दोरीच्या उड्या हाडांसाठी उत्तम.

वीस मिनिटं एकत्र मिळाली तर पहिली तीन चालणं आणि हलकं पळणं, दमा असलेल्यांसाठी ही तीन मिनिटं फार महत्त्वाची. मग चौदा मिनिटं खेळ, मधे एकदा पाणी. शेवटची तीन परत चालणं. मूल पळता पळता एकदम थांबून उभं राहिलं तर रक्त पायांत उतरतं आणि चक्कर येते, म्हणून शेवट चालण्यानेच.

पुरेसा जोर लागतोय का, हे ओळखायला यंत्र नको. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. चौदापैकी सात-आठ मिनिटं दुसऱ्या प्रकारात गेली तर तास सोन्याचा. एक शब्दही फुटत नसेल तर खेळ सैल करा.

मैदानच नसेल तर

शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलंय. घोडबंदर रोडवरच्या किंवा नौपाड्यातल्या काही शाळांचं मैदान प्रत्यक्षात बस लावायचा चौक असतो. आणि मैदान असलं तरी हिवाळ्यात लग्नाचे मांडव आणि उत्सवांच्या कमानी त्यावर हक्क सांगतात. एका ओळखीच्या शाळेत मांडवाच्या बांबूंचे खड्डे जानेवारीभर तसेच राहिले, मुलांचे घोटे मुरगळले, तेव्हा कुठे समितीने भाडेपत्रात खड्डे बुजवून देण्याची अट घातली. तुमच्याकडेही ती घाला, अनामत रकमेसकट.

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोलीसारख्या नोडमध्ये (आखून वसवलेल्या विभागांत) शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर उद्यान किंवा मोकळं मैदान असण्याची शक्यता बरी असते. महापालिकेला किंवा सिडकोला, ज्याच्या ताब्यात असेल त्याला, शाळेच्या लेटरहेडवर वार आणि वेळ लिहून पत्र द्या. सकाळी दहा ते चार ही मैदानं ओसच असतात. रस्ता ओलांडायचा असेल तर दर वीस मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

काहीच नसेल तर गच्ची (कठडा उंच असेल तरच), सभागृह, व्हरांडा आणि वर्ग. वर्गात बाकांच्या मधल्या वाटेत जागेवर पळणं, गुडघे उचलणं, बाकाला हात टेकून पुशअप, पाढे म्हणत उठाबशा. उठाबशा शिक्षा म्हणून वापरणं मात्र त्याच दिवशी बंद करा, नाहीतर मुलं व्यायामालाही शिक्षाच समजतील. वरच्या मजल्यावर उड्या घेऊ नका, खालच्या वर्गाच्या बाई तुमच्याशी वर्षभर बोलणार नाहीत.

पाऊस, ऊन आणि धूर

जून ते सप्टेंबर मैदान चिखल. हे चार महिने वाया जातात म्हणून रडण्यापेक्षा लेझीम, सूर्यनमस्कार, दोरी, व्हरांड्यातल्या फेऱ्या असा आतला कार्यक्रम आधीच बसवून ठेवा. रिमझिमीत खेळायला हरकत नसते, पण शेवाळलेल्या फरशीवर नक्कीच असते. विजा दिसल्या की सगळे आत.

ऑक्टोबरचा उकाडा आणि मार्चनंतरचं ऊन जास्त धोक्याचं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पारा अडतीस असला तरी शरीरावर ताण त्याहून जास्त पडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, आणि ती नुसती बसलेली होती. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर उघड्या मैदानात पळणं बंद. दुपारच्या अधिवेशनाने साडेचारनंतर किंवा सावलीत. तासाआधी, मध्ये आणि नंतर पाणी पाजा, मागितल्यावर देतो असं म्हणू नका. खेळताना मूल बरळायला लागलं, अडखळलं, अंग तापलं तर खेळ थांबवा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ लावा आणि रुग्णवाहिका बोलवा.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत थंडी छान, हवा वाईट. हवेचा निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर सकाळी बघायला अर्धं मिनिट लागतं. १०० पर्यंत बिनधास्त. १०१ ते २०० मध्ये दम्याच्या मुलांवर लक्ष. २००च्या वर गेला की जोरकस पळणं आत घ्या किंवा हलकं करा, आणि ३००च्या वर बाहेर काहीच नको. एमआयडीसीच्या पट्ट्याजवळच्या आणि बांधकामांच्या धुळीतल्या शाळांनी हे रोज बघावं.

कडेला थांबणारी मुलं

सातवी-आठवीपासून मुली मैदानातून नाहीशा होऊ लागतात. कारणं शोधायला समिती नेमायची गरज नाही: स्कर्ट, पाळी, मुलांच्या नजरा, स्वच्छतागृहाला कडी नसणं. पीटीच्या दिवशीच नव्हे, रोज ट्रॅकपँट किंवा सलवार चालेल असा नियम करा. पाळीत खेळता येतं, पण खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं, आणि ‘बाई, आज नको’ एवढं म्हणणं पुरेसं असावं.

जाड मुलांना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करू नका, ‘तू जास्त फेऱ्या मार’ म्हणू नका. त्यांना लगोरी रचणं, रस्सीखेच अशी ताकदीची कामं द्या, तिथे ती जिंकतात. चपलेत येणाऱ्या मुलांना बूट नाहीत म्हणून बाहेर बसवण्यापेक्षा सगळ्यांना अनवाणी मातीत खेळवा, आधी काचा आणि खडे वेचून. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला नुसती शिट्टी देऊन पंच करू नका, चेंडू त्याच्या हातात आला पाहिजे.

काय मोजायचं, काय नाही

जूनमध्ये, डिसेंबरात आणि मार्चच्या सुरुवातीला असं तीनदा मोजा. चौथीपासून पुढे ६०० मीटर धावणं-चालणं. केंद्र सरकारच्या ‘फिट इंडिया’ मोहिमेच्या चाचण्यांमध्येही ते आहेच. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वेळेशी. सकाळी उठल्याउठल्या अंथरुणात मनगटाची नाडी मिनिटभर मोजून वहीत लिहिणं हा विज्ञानाचा गृहपाठ म्हणून द्या, मुलं आवडीने करतात.

कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, हे घरी दोरीने बघता येतं. रक्तदाब मात्र डॉक्टर किंवा नर्सने, मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने घ्यायचा. मोठ्या माणसाचा पट्टा बारीक दंडाला लावला तर आकडा खोटा कमी येतो, आणि लहान पट्टा जाड दंडाला लावला तर खोटा जास्त. तेरा वर्षांवरील मुलांत १३०/८० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर तो जास्तच. त्याखालच्या वयात मर्यादा वय, उंची, मुलगा-मुलगी यांवर ठरते, तो तक्ता बालरोगतज्ज्ञांकडे असतो. हे आकडे फक्त पालकांच्या हातात जावेत.

मूल कोसळलं तर

असं क्वचितच घडतं, पण तयारी हवी. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की लगेच छाती दाबायला सुरुवात. एकाने १०८ ला फोन, एकाने फाटक उघडायला धावायचं. छातीच्या मध्यावरचं हाड, तळव्याने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा; श्वास देता येत असतील तर ३० दाबांनंतर दोन. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. एईडी यंत्र (छातीवर विजेचा झटका देऊन हृदयाचा ठोका पूर्ववत करणारं) जवळच्या सोसायटीत, मॉलमध्ये किंवा रेल्वे स्थानकावर आहे का, हे आजच विचारून ठेवा. शिपायासकट सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा बाहुलीवर सराव द्या, कारण फाटकाजवळ बहुधा शिपाईच असतो.

मुख्याध्यापक आणि पालक

‘अभ्यास बुडेल’ हे पहिलं वाक्य येणार. कॅनडात क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर भागात सत्तरच्या दशकात प्राथमिक शाळेच्या मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं, तेही इतर विषयांचा वेळ कमी करून, आणि त्यांचे गुण घसरले नाहीत. सीबीएसईच्या शाळेत असाल तर २०१८ पासून नववी ते बारावीला रोज आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा तास ठेवण्याचे मंडळाचेच निर्देश आहेत, त्याकडे बोट दाखवा. राज्य मंडळाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हाताशी धरा. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, ठराव त्यांनी मांडला की वजन वेगळं पडतं. त्याच ठरावात फाटकाबाहेरच्या गाडीचंही घ्या: तळलेलं, अतिगोड, अतिखारट पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. वडापाववाल्याशी भांडायला मात्र एकट्याने जाऊ नका.

पहिल्याच दिवशी सगळी शाळा हलवायला जाऊ नका. पाचवी आणि सहावी घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आरोग्यपत्रकं आणि पाच मिनिटांचं चालणं-पळणं, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पंधरा, चौथ्यात वीस. जुलैत आणखी दोन इयत्ता जोडा. गणपतीच्या सुट्टीपर्यंत कोणते वर्गशिक्षक मनापासून करतात आणि कोण नुसती वहीत सही करतात हे कळतंच, पहिल्यांकडून दुसऱ्यांना खेळ शिकवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांचा दम उतरलेला असतो. तेव्हा पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू करून दोन आठवड्यांत विसावर या.